पैलतीर दिसण्याचे साठ दिवस

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, दोन नंबरच्या खिडकीसमोरच्या बाकावर, सत्तेचाळीस नंबरचं टोकन मुठीत धरून बसलेल्या फुसाएच्या तोंडून एकदम नाम बाहेर पडलं. पुटपुटल्यासारखं नाही, चांगलं मोकळ्या गळ्यातून, शेवटाला अलगद खाली उतरत गेलेलं. नामांदाबु. अमिदा बुद्धाचं नाव. ते देवळात घ्यायचं, कुणाच्या अंत्यविधीला घ्यायचं, फार तर अंथरुणाला पाठ टेकताना घ्यायचं. सकाळी साडेदहाला, नगरपालिकेच्या रांगेत बसून कुणी घेत नाही. समोरची तान्ह्या बाळाची आई वळून बघायला लागली. ओल्या छत्र्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवणारा दारावरचा माणूस एक पाऊल पुढे आला आणि, आपण पुढे येऊन करणार काय हे न कळून, तिथेच थांबला. फुसाएनं हातरुमाल तोंडावर दाबून धरला. कान गरम झाले. बहात्तर वर्षांची बाई, आणि भर वर्गात भलतंच उत्तर दिलेल्या पोरीसारखं तोंड झालं.

“काय गं, गेलं की काय कुणी?” शेजारी बसलेल्या तोकिएनं विचारलं. तोकिएचं बंदरावर सुक्या मासळीचं दुकान. मेलेल्यांची बातमी गावात सगळ्यांत आधी तिच्याकडे पोचते, आणि आज आपल्या आधी दुसरीला कळली की काय, या काळजीनं तिनं विचारलं असावं.

“घसा साफ करत होते,” फुसाए रुमालाआडून म्हणाली.

“घसा साफ करताना देवाचं नाव? तुझा घसा बरा धार्मिक आहे. दचकले ना मी. मला वाटलं, हिला तिथल्या तिथे न्यायलाच आले.”

“मला न्यायला मालट्रक येणार आहे. बावीस तारखेला.”

“ठाऊक आहे. सारखं सांगू नकोस,” तोकिए म्हणाली आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या पडद्याकडे बघायला लागली.

त्या पडद्यानंच केलं होतं सगळं. नगरपालिकेनं एप्रिलपासून तिथे शहराची माहिती लावून ठेवली होती. चार मिनिटांची फिल्म. संपली की पुन्हा पहिल्यापासून. कामेउरा शहर. क्षेत्रफळ दोनशे तीस चौरस किलोमीटर. किनारा एकोणीस किलोमीटर. लोकसंख्या एक्केचाळीस हजार सहाशे बारा. घरं सतरा हजार, त्यांतली रिकामी दोन हजार नऊशे. पावसाचे आणि बर्फाचे दिवस मिळून एकशे ऐंशी. मुख्य मासा बुरी, जो हिवाळ्याच्या पहिल्या गडगडाटानंतर खाडीत शिरतो. वाचणारा आवाज पुरुषाचा होता, जाडसर, कुठल्याही आकड्याचं कौतुक नसलेला. फुसाए ऐकतही नव्हती. पिशवीत गाव सोडण्याचा फॉर्म होता, लेकीनं फोनवर ओळ न् ओळ सांगून भरून घेतलेला, आणि तो दुमडला तर जात नाही ना याचाच विचार तिच्या डोक्यात चालला होता. तेवढ्यात तो आवाज म्हणाला, “निरभ्र हवेत खाडीपलीकडे तीन हजार मीटर उंचीचे हिमाचे डोंगर दिसतात. असे दिवस वर्षाकाठी साधारण साठ. उरलेले तीनशे पाच दिवस ते दिसत नाहीत...” आणि ‘दिसत नाहीत’ला आवाज खाली आला, आणखी एक पायरी खाली आला, आणि थांबला. पडद्यावर नुसता राखाडी समुद्र होता. त्या थांबण्यात फुसाएचं नाम जाऊन पडलं, जसं रिकाम्या पणतीत तेल पडावं. तिला विचारून पडलं नाही. गेली चव्वेचाळीस वर्षं तिनं माणसांत तोंड उघडून नाम घेतलं नव्हतं. ओठ हलवायची. आवाज नाही.

नाम घेणं म्हणजे काय हे सासूनं शिकवलं होतं. फुसाए लग्न होऊन आली ती डोंगराच्या बाजूच्या गावातून. तिथे देवळात प्रवचनं व्हायची, पण बोलून. इथे समुद्रकाठी प्रवचनं गाऊन सांगत. नोव्हेंबर संपता संपता, पंथाच्या आद्य गुरूंच्या पुण्यतिथीचा आठवडा आला की गावोगावचे प्रवचनकार यायचे. उंच आसनावर बसायचे, हातात मिटलेला पंखा, आणि साध्या बोलण्यातून कधी गाण्यात शिरायचे हे कळायचंही नाही. बोलणं चालता चालता पाण्यात उतरल्यासारखं. घोटाभर, गुडघाभर, आणि मग एकदम पाय सुटून तरंगायला लागायचं. त्यात आवाज वर वर चढत जायचा आणि एका जागी खाली उतरून थांबायचा. तिथे सगळं देऊळ मिळून नाम घेई. त्याला इथे ‘झेलणं’ म्हणत. प्रवचनकारानं टाकायचं, माणसांनी झेलायचं. झेललं की त्याला पुढची पायरी चढायचं बळ येई. नाही झेललं तर ते देवळाच्या फरशीवर पडून फुटे. सासू, त्सुने तिचं नाव, तिसऱ्या खांबाशी बसायची. ती गावातली सगळ्यांत चांगली झेलणारी. म्हातारे दोरिनबुवा, ज्यांचं नाव ऐकून खाडीपलीकडून बोटीनं माणसं यायची, ते आसनावर चढायच्या आधी तिसऱ्या खांबाकडे बघून घ्यायचे. म्हणायचे, “कामेउरात मी कुठे प्रवचन करतो? मी नुसता टाकतो. करते ती ही बाई.” सासू यावर कधी हसली नाही. घरी येऊन मुळ्याचं लोणचं दगडाखाली दाबताना म्हणायची, “लाडीगोडी लावतोय म्हातारा. जेवणात दोन तुकडे जास्त पाहिजेत त्याला.” पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात दोन तुकडे जास्त असायचे.

“ऐक,” ती फुसाएला सांगायची, पहिल्याच हिवाळ्यात, माहेरहून आलेली बुरी मोरीवर आडवी टाकून. नव्या सुनेच्या माहेरानं पहिल्या हिवाळ्यात सासरी अख्खी बुरी पाठवायची, आणि सासरनं अर्धी कापून परत पाठवायची, हा इथला रिवाज. सासूनं सुरी बरोबर मधोमध घातली, मापाची पट्टी लावल्यासारखी. “ऐक, आवाज खाली आला म्हणजे घ्यायचं असं नाही. खाली येतो, मग आणखी एक पायरी उतरतो. त्या दुसऱ्या पायरीवर पाय टेकला की घ्यायचं. आधी घेतलंस तर त्याच्या पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं होतं. उशिरा घेतलंस तर काय, आपणच मागे राहतो. उशीर झालेला चालतो. घाई चालत नाही.” मग डोक्याकडची बाजू माहेरी जायला बाजूला ठेवत म्हणाली, “तुझ्या आईला सांग, मासा चांगला होता. तूही असशील.” फुसाएला ते वाक्य पन्नास वर्षं पुरलं होतं.

पडद्यावर पुन्हा क्षेत्रफळ आलं. दोनशे तीस. टोकनचा लाल आकडा एक्केचाळीसवर होता. हीटरची गरम हवा पायांवर येत होती आणि वर खिडकीच्या काचेवर पावसाचं बर्फ होऊ बघत होतं. काचेला लागताना थेंब, ओघळताना चिखल. रिकामी घरं दोन हजार नऊशे. बावीस तारखेनंतर दोन हजार नऊशे एक, फुसाएच्या मनात आलं. कुणी फिल्म बदलणार नाही. एकीसाठी कोण बदलतं? पण ती गेल्यावर तो आवाज दर चार मिनिटांनी थोडंसं खोटं बोलत राहील. गेल्या फेब्रुवारीत मागच्या दारी बर्फ उपसताना ती पडली होती. मनगट मोडलं होतं. तीन तास बर्फात बसून होती. हाक मारावी तर शेजारची दोन्ही घरं त्या दोन हजार नऊशेतली. शेवटी वर्तमानपत्रवाल्यानं पाहिलं. तेव्हापासून लेक रोज फोन करायची, आणि रोजच्या फोनचा शेवट एकच. “आई, इथे खोली तयार आहे. बर्फ नाही. दवाखाना खाली. काय अडलंय तुझं तिथे?” लेकीचं, चिहारूचं, चुकत नव्हतं. नवरा, एइसाकु, जाऊन सहा वर्षं झाली. सासू जाऊन एकवीस. तिकडे समुद्र नाही, असं एकदा म्हणून पाहिलं. चिहारू हसून म्हणाली, “समुद्राशी तू शेवटचं कधी बोललीस गं?” खरंच होतं. समुद्राकडे ती कपडे वाळत घालताना बघायची, डोंगर दिसले तर वाऱ्याची दिशा कळते म्हणून.

आणि परवा शिओरी आली होती. देवळाची मुलगी, पंचवीस-सव्वीसची. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तीच पूजापाठ बघते. पिशवीत सोललेली, दोरीला ओवलेली पर्सिमनची फळं आणली होती, वाळवून खायला. ओट्यावर बसून, हाताला हात चोळत, बराच वेळ हवेबद्दल बोलली. मग म्हणाली, “काकू, यंदा सत्तावीस तारखेला मी गाऊन सांगणार आहे. दोरिनबुवांच्या जुन्या टेपा ऐकून ऐकून पाठ केलंय.”

“चांगलं आहे की.”

“चांगलं नाही हो. खाली येऊन थांबते ना, तिथे काहीच होत नाही. भिंतीला सांगितल्यासारखं. बाबा झेलायचा प्रयत्न करतात, पण त्यांची जीभ वळत नाही. टेपमध्ये लोक झेलतात, ते ऐकून मी चढते. पण टेपमधले सगळे मेलेत. मेलेल्यांच्या जिवावर किती चढणार? सगळे म्हणतात, त्सुनेआजींची सून आहे ना, तिला येतं.”

“माझ्या सासूबाई झेलायच्या. मी नाही,” फुसाए म्हणाली होती. “आणि मी बावीसला निघते.”

“सत्तावीसला आहे,” शिओरी म्हणाली, जणू तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांचं त्यांनाच काही सुचेल.

“हो का,” फुसाए म्हणाली. आणि फळं कुठे टांगावीत याची चर्चा झाली. शिओरीनं स्वतःच स्टुलावर चढून ती उत्तरेच्या वळचणीला बांधली. वाळायला चाळीस दिवस लागतात. त्या दिवशी ते दोघींच्याही लक्षात आलं, आणि शिओरीनं दोरीची गाठ आणखी एकदा आवळली.

मी नाही, असं ती म्हणाली ते खोटं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, पुण्यतिथीच्याच आठवड्यात, भर दुपारी ती चूक झाली होती. पहाटे चारला एइसाकु जाळ्यावर गेला होता. सकाळी सात वाजता पहिला गडगडाट झाला, आणि बंदरातले म्हातारे हसले, चला, मासा उठला. नऊला वारा फिरला. अकराला कुणी हसत नव्हतं. जाळ्यावरच्या तिन्ही होड्या आल्या नव्हत्या. सासू म्हणाली, “देवळात चल. इथे उभं राहून होडी लवकर येत नाही.” देऊळ गच्च भरलं होतं. अर्ध्या बायका होडीवाल्यांच्या होत्या आणि सगळ्यांच्या अंगाला भिजलेल्या लोकरीचा वास. दोरिनबुवांनी हे पाहिलं असणार. नेहमीचं प्रवचन त्यांनी बाजूला ठेवलं आणि डोंगरांबद्दल बोलायला लागले. “मायबापहो, पलीकडचे डोंगर तुम्हांला वर्षातले साठ दिवस दिसतात. तुम्ही म्हणता, आहा, आहेत बरं का. तीनशे पाच दिवस दिसत नाहीत. तेव्हा ते जातात कुठे? गाठोडं बांधून लेकीकडे राहायला जातात?” देऊळ हसलं. रडायच्या बेताला आलेली माणसं हसतात तसं, जरा जास्तच. “जात नाहीत हो. धुकं आपल्या डोळ्यांपुढे आहे, त्यांच्या अंगाला नाही. पैलतीर तिथेच आहे. आपण बघतो तेव्हाही, बघत नाही तेव्हाही. आणि बुडणारा माणूस पैलतीराला हाक मारत नाही, त्याला कुठली ताकद? पैलतीरच त्याला...” आणि इथे ते गाण्यात शिरले, आवाज उंच गेला, छताच्या काळ्या तुळयांपर्यंत, आणि खाली यायला लागला. एक पायरी. आणि फुसाएनं घेतलं. पैलतीर त्याला काय करतो हे ऐकायचा तिला धीर नव्हता. एइसाकु पाण्यात होता. तिनं ते वाक्य हवेतच पकडलं, ओरडून, एकटीनं, सगळ्या देवळाच्या आधी. नामांदाबु! बुवांचा आवाज त्या पायरीवर अडखळला. पंखा त्यांच्या हातात तसाच राहिला. देवळात कुणीतरी खोकलं. बुवा कसेबसे पुन्हा बोलण्यावर आले आणि पुन्हा चढायला लागले, पण त्या दिवशी काही ते तुळयांपर्यंत पोचले नाहीत. आणि तिसऱ्या खांबापासून सासूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं.

साडेतीनला होड्या आल्या. एइसाकु बंदरावर उतरला तो दाढीला बर्फ, हातात दोन हात लांबीची बुरी, आणि पहिलं वाक्य, “अरे, रडताय काय? बर्फ आणा, मासा खराब होतोय.” घरी जाताना सासू पुढे, ती मागे. बर्फात सासूच्या पावलांवर पाऊल टाकत. दारापाशी सासू वळली आणि म्हणाली, “लवकर घेतलंस.” दोनच शब्द. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. फुसाए पुढच्या वर्षी देवळात गेली, त्याच्याही पुढच्या, दर वर्षी. ओठ हलवत राहिली. सासूच्या शेजारी बसून सासूनं झेललेलं ऐकायची. काय ते झेलणं! जणू कुणी ओंजळीत पाणी देतंय आणि थेंबही सांडत नाही. मग सासूही गेली. दोरिनबुवा गेले. त्यांच्यासारखे गाऊन सांगणारे एकेक करत गेले. देवळात ध्वनिक्षेपक आला, खुर्च्या आल्या, बोलून सांगणारे तरुण बुवा आले. ते चांगलं सांगत, पण कुठे थांबत नसत. न थांबणाऱ्याला झेलायचं कसं?

टोकन चव्वेचाळीस. बाळ रडलं आणि आईनं त्याला उभं धरून थोपटलं. फुसाएच्या लक्षात आलं, रुमाल अजून तोंडावरच आहे. घट्ट. दातांत धरलाय. कापडाला कपाटातल्या लाकडाचा वास. हे असं, रुमाल दातांत धरून बसणं... तिनं हे पाहिलं होतं. कुठे पाहिलं होतं? आणि मग गेली चव्वेचाळीस वर्षं रोज आठवणारी ती नजर पुन्हा आली, पण या वेळी नजरेच्या खालचंही दिसलं, जे कधी दिसलं नव्हतं, कारण ती डोळ्यांनाच भिऊन बसली होती. सासूनं मान वळवली तेव्हा तिच्या तोंडात टॉवेल होता. डोक्याला बांधायचा पांढरा सुती टॉवेल, अर्धा कोंबलेला, आणि वरून हात. त्सुनेबाई, तिसऱ्या खांबाची, घाई चालत नाही म्हणणारी, स्वतःचं तोंड स्वतःच्या हातानं बंद करून बसली होती. पाण्यात होता तो एइसाकु तिचा एकुलता एक मुलगा होता. नाम तिच्याही दातांपर्यंत आलं होतं. लवकर. फुसाएपेक्षाही लवकर आलं असेल.

फुसाएनं रुमाल हळूच खाली घेतला. ओला झाला होता. त्यावर दातांच्या खुणा होत्या, दोन ओळी, कवळीच्या. मग ती नजर कसली होती? ‘घेतलंस तू. मला घेता आलं नाही.’ असं काही? की नुसतंच, बाईनं बाईकडे बघावं तसं? आता विचारायचं कुणाला? डोंगर दिसत नाहीत तेव्हा तिथेच असतात म्हणे. आई, फुसाए मनात म्हणाली, आज मी कसं घेतलं? ऐकलंत का? तिला एकाएकी एवढी तहान लागली की पाण्यानं भागणार नाही हे तिला बसल्या जागी कळलं. कुणीतरी, या ओल्या छत्र्यांच्या खोलीत एखादं माणूस, तिला सांगायला हवं होतं की बरोबर पडलं की नाही. बावीस तारखेनंतर ती जिथे जाणार तिथे तर हा प्रश्नच कुणाला कळणार नव्हता.

“तोकिए,” ती म्हणाली.

“काय?”

“तुला झेलायला येतं?”

“मला? मी ओठ हलवते. तुझ्या सासूशेजारी तोंड कोण उघडणार? सगळं गाव ओठच हलवायचं. आम्हांला वाटायचं, ती आहे ना. मग आम्हांला वाटलं, तिची सून आहे ना.” तोकिएनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “आता म्हणायचं, तोकिए आहे ना? वा रे गाव.”

सत्तेचाळीस आला. खिडकीमागे मुरोहाशि होता. पन्नाशीचा, बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या खात्यातून इकडे बदलून आलेला. त्याची आजी फुसाएच्याच गल्लीतली. “या, हामागुचिसान. बसा. पायाशी हीटर आहे, शाल अडकवून घेऊ नका, सकाळी एकाची पँट जळाली.” त्यानं फॉर्म घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवायला लागला. “नाव, हामागुचि फुसाए. सध्याचा पत्ता, कामेउरा, जुनी बंदरगल्ली, तेरा. जाण्याचं ठिकाण, कावागुचि, मुलीकडे. घरात मागे राहणारी माणसं, कुणी नाही...” आणि तिथे त्याचा आवाज खाली उतरून थांबला.

फुसाएनं मान वर केली. “तो आवाज तुमचा आहे,” ती म्हणाली. “भिंतीवरचा.”

मुरोहाशि लाजला. “हो. आधी बाहेरून एक मुलगी आणली होती. छान आवाज, पण आपल्या सगळ्या वाड्यांची नावं चुकवली तिनं. मग साहेब म्हणाले, मुरोहाशि, तू लिहिलंयस ना, तूच वाच. घरी बायको म्हणते, बाहेर गेलं तरी तुमची कटकट आहेच.”

“डोंगरांपाशी थांबता तुम्ही.”

त्यानं चष्मा काढला. “मघाशी... तुम्ही होता?”

“माफ करा. तोंडातून गेलं.”

“नाही, नाही. माफी कसली?” तो चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. “लहानपणी आजी मला देवळात न्यायची. मी तिच्या मांडीवर झोपायचो. काय सांगायचे ते कधीच ऐकलं नाही मी. पण सगळं देऊळ एकदम बोललं की जाग यायची. पुन्हा झोप. पुन्हा जाग. हे वाचायला बसलो आणि डोंगरांपाशी आलो, तर थांबलोच. का, ते सांगता येणार नाही. रेकॉर्डिंगवाला पोरगा म्हणाला, इथे चार सेकंद रिकामे गेलेत, कापून टाकतो. मी म्हटलं, राहू दे. का? म्हटलं, राहू दे रे, तुला काय करायचंय? एप्रिलपासून दिवसाला शंभरदा तरी लागतं ते. तिथे आलं की माझा हात थांबतो. मग पुढे जातं. आज पहिल्यांदाच...”

“बरोबर पडलं?” फुसाएनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “म्हणजे वेळेवर? लवकर नाही ना झालं?”

मुरोहाशिनं खरोखरच विचार केला. सरकारी माणूस अर्जाचा करतो तेवढा. “मला त्यातलं कळत नाही, हामागुचिसान,” तो शेवटी म्हणाला. “पण मला जाग आली.”

फुसाएनं खाली पाहिलं. टेबलाच्या कडेवर तिचे दोन्ही हात होते, मोडून जुळलेलं मनगट जरा वाकडं. उत्तरेच्या वळचणीला फळं टांगलेली असतील, आज वारा चांगला आहे. सत्तावीसला ती पोरगी उंच आसनावर चढेल, आणि चढायच्या आधी तिसऱ्या खांबाकडे बघेल. बघणारच. दोरिनबुवा बघायचे म्हणून नाही, माणूस बघतोच.

“निघण्याची तारीख,” मुरोहाशि पुन्हा फॉर्मवर आला, “बावीस नोव्हेंबर.”

“ती चुकली आहे,” फुसाए म्हणाली.

“बावीस नाही?”

“अठ्ठावीस.” तिनं पिशवीतून शिक्क्याची लाकडी डबी काढली, बावीसवर दोन सरळ रेघा मारल्या, शेजारी अठ्ठावीस लिहिलं आणि रेघांवर सहीच्या जागी चालणारा आपला छोटा गोल शिक्का उमटवला.

“आता शिक्का लागत नाही, नियम बदललाय,” मुरोहाशि म्हणाला.

“असू दे. सवय आहे.”

“मालट्रकवाले ओरडतील.”

“माझी मुलगी आधी ओरडेल,” फुसाए म्हणाली. “तिची सवय आहे.” मग मागे वळून बाकाकडे बघून, जरा मोठ्यानं, “तोकिए, उद्या दुपारी देवळात ये. रोज यायचं, दहा दिवस. तोंड उघडायला शिकवते.”

“या वयात?” तोकिए ओरडली. “दात कुठे उरलेत मला?”

“दात लागत नाहीत.”

मुरोहाशिनं फॉर्म सरळ केला आणि त्यावर मारायला नगरपालिकेचा शिक्का शाईत बुडवून उचलला. फॉर्म स्वीकारला जाणारच होता. अठ्ठावीसला ट्रक येणारच होता, आणि फळं वाळलेली बघायला ती इथे नसणारच होती. शिओरीला सांगायचं, वाळली की तूच खा. भिंतीवर क्षेत्रफळ झालं. किनारा झाला. सतरा हजार घरं झाली, आणि त्यांतली रिकामी. मासा खाडीत शिरला. मग निरभ्र हवेत खाडीपलीकडे डोंगर आले, वर्षाकाठी साधारण साठ दिवस, आणि पडदा राखाडी झाला. शिक्का हवेतच थांबला. बाकावर तोकिए बोलता बोलता गप्प झाली. उरलेले तीनशे पाच दिवस ते, म्हणत मुरोहाशिचा आवाज भिंतीवरून खाली यायला लागला. एक पायरी उतरला. नाम फुसाएच्या दातांपर्यंत आलं. तिनं तोंडावर हात नेला नाही, आणि घाईही केली नाही. आवाजाचा पाय दुसऱ्या पायरीवर टेकेपर्यंत ती थांबली.